गाविलगडची चढाई: दोन टनांची तोफ आणि एक शिडी

आजचा भाग चढाचा आहे. ऐकता ऐकता दम लागला तर थांबा, पाणी प्या, पुन्हा सुरू करा.

पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये मी बुलढाणा जिल्ह्यातला आहे म्हटलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडे डोंगर कुठे रे? तुमच्याकडे तर नुसतं ऊन." राजेहो, आमचा जिल्हा तीन मजली आहे. वर घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. घाट उतरून खाली आलात की पूर्णेचं खोरं, काळी माती, मलकापूर, नांदुरा, शेगाव. आणि तिथून उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलात की जळगाव जामोद, संग्रामपूरच्या पलीकडे आभाळाला टेकलेली निळी भिंत दिसते. तो सातपुडा. आमच्या हद्दीत त्या भिंतीवर मैलगड नावाचा एक किल्ला आहे, कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांचा, फारसं कोणी न जाणारा. त्याच भिंतीच्या कडेकडेने पूर्वेला सरकत गेलात की अंबाबरवा, मग अकोला जिल्ह्यातला नरनाळा, आणि पुढे अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला खेटून गाविलगड.

आज बोलायचंय ते गाविलगडबद्दल. 1803 च्या डिसेंबरमध्ये तिथे जी चढाई झाली तिच्यानंतर आमच्या घाटाखालच्या गावांचा मालक बदलला. शाळेच्या पुस्तकात तिला एक ओळ मिळते, "इंग्रजांनी गाविलगड जिंकला." त्या ओळीत चढ कुठेच दिसत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि तिच्या सोबत निजाम. कंपनीच्या दख्खनमधल्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय 34. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. 23 सप्टेंबर 1803 ला असईची लढाई झाली. 29 नोव्हेंबरला अडगावची, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतलं 'आरगाव'. हे अडगाव अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात आहे, आमच्या संग्रामपूरपासून फार लांब नाही. दोन्ही लढाया मराठे हरले. अडगावहून निसटलेलं भोसल्यांचं कवायती पायदळ उत्तरेला पळालं आणि गाविलगडावर चढलं.

त्यांच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतं. किल्ल्याचा आकारच तसा आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वलीने 1425-26 च्या सुमारास त्याचं बांधकाम केलं, पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीने तो आणखी पक्का केला. पण खरं बांधकाम निसर्गाचं. सगळा डोंगर बसाल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर. थराचा कडक भाग उभा तुटतो, तिथे कडा होतो. मऊ भाग झिजतो, तिथे गवताचा उतार आणि घसारा होतो. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे सांगायला नको. उतार, कडा, उतार, कडा अशी ती रचना असते, आणि प्रत्येक कड्यापाशी हात वापरावे लागतात. आपण आज ज्याला स्क्रॅम्बलिंग म्हणतो ते हेच, दोर लागत नाही पण हात खिशात ठेवून जमत नाही.

आता फोनवर नकाशा उघडा आणि टेरेनचा लेअर लावा. गाविलगडच्या दक्षिणेला उंचीच्या रेषा इतक्या जवळजवळ आहेत की एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात. उत्तरेला त्या सैल होतात. चिखलदऱ्याचं पठार तिकडेच, साधारण 1100 मीटर उंचीवर. वेलस्लीकडे नकाशे तुटपुंजे होते, पण त्याने वर पाठवलेल्या अहवालात किल्ल्याचं जे वर्णन केलं ते वाचताना मला तो टेरेन लेअरच दिसतो. तो सांगतो ते थोडक्यात असं. आतला मुख्य किल्ला दक्षिणेकडे तोंड करून आहे, जिथे कडा सगळ्यात उभा आहे. त्याला उत्तर आणि वायव्येकडून बाहेरच्या किल्ल्याचं कवच आहे. आणि बाहेरच्या किल्ल्याच्याही पुढे, उत्तरेच्या वाटेवर, तिसरी भिंत आहे.

वाटा तीन. दक्षिण दरवाजाची वाट लांबलचक, खडी, फक्त माणसांना चढता येईल अशी. वायव्य दरवाजाची वाट गडावरच्या लोकांच्या रोजच्या वापराची, पण ती किल्ल्याच्या पश्चिम अंगाने जाते, अरुंद आहे, दोन्हीकडे खडक तासलेला, आणि बराच वेळ वरच्या माऱ्यात राहते. तिसरी उत्तरेची, लबाडा नावाच्या गावाकडून येणारी. तिच्या तोंडाशी जमीन चांगली, तोफा मांडायला सोयीची. अडचण एकच होती. खालून, एलिचपुराहून म्हणजे आजच्या अचलपुराहून, तिथे पोचायचं तर डोंगरातून साधारण 30 मैल फिरून जावं लागायचं. अठ्ठेचाळीस किलोमीटर. आणि तोफा जातील असा रस्ता तिथे नव्हता.

इथे जरा थांबू या, कारण सगळी गोष्ट या निवडीत आहे.

मराठी माणसाला गड कसा घ्यायचा हे विचारलं तर त्याच्या डोळ्यांसमोर रात्र येते. 4 फेब्रुवारी 1670, तानाजी मालुसरे, सिंहगडचा कडा. 1673 चा पन्हाळा, कोंडाजी फर्जंद, सोबत अवघी 60 माणसं. घोरपडीला दोर बांधल्याची गोष्ट लोककथेतली म्हणून बाजूला ठेवू, पण पद्धत खरी आहे. माणसं थोडी, ओझं शून्य, आणि शत्रूला वाटतं की इथून कोणी येणारच नाही, नेमक्या त्याच बाजूने चढायचं. उभ्या कड्यावर पहारा ढिला असतो. कड्याचा उभेपणाच चढणाऱ्याच्या कामी येतो.

वेलस्लीला हे करता येत नव्हतं. गडावर हजारोंची शिबंदी होती आणि अडगावहून आलेलं कवायती पायदळ बंदुका घेऊन सावध बसलेलं होतं. त्याला भिंत पाडायची होती. भिंत पाडायला तोफ लागते, आणि तोफेला चढ चालत नाही.

म्हणून फौजेचे दोन भाग झाले. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी 7 डिसेंबरला तोफा घेऊन उत्तरेच्या लांब वाटेला लागली. वेलस्ली स्वतः दक्षिणेला देवगावच्या बाजूने राहिला, तिला खालून पाठबळ द्यायला.

आता त्या तोफांबद्दल. लबाड्याच्या मोर्च्यावर ज्या मुख्य तोफा लागल्या त्यांत दोन लोखंडी अठरा पौंडी आणि तीन लोखंडी बारा पौंडी होत्या. अठरा पौंड हे गोळ्याचं वजन बरं का, तोफेचं नव्हे. अशा एका अठरा पौंडी तोफेचं वजन साधारण दोन टन भरतं, म्हणजे दोन लहान मोटारी एकावर एक ठेवल्यासारखं. त्यात गाडा वेगळा, गोळे वेगळे, दारू वेगळी. सपाटीवर हे काम बैलांचं. डोंगरातल्या नाल्यात बैलांच्या जोड्या एका सरळ रेषेत ओढूच शकत नाहीत; वळणावर पुढची जोडी डावीकडे वळलेली असते आणि मागची अजून उजवीकडे खेचत असते. म्हणून जवळजवळ सगळ्या वाटेवर तोफा आणि सामान माणसांनी हाताने ओढलं. वेलस्लीच्या अहवालात हे स्पष्ट आहे, आणि पुढचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्या रस्त्यांवरून ओढलं ते रस्तेही आधी फौजेलाच तयार करावे लागले.

म्हणजे क्रम असा. पुढे कुदळ-कुऱ्हाडवाले. झाडं तोडायची, धोंडे बाजूला ढकलायचे, नाल्याच्या काठाला उतार द्यायचा. मग तोफेला दोर लावायचे आणि शेकडो माणसांनी वर खेचायचं. ही झाली चढण. उतरण त्याहून वाईट. दोन टनांचं लोखंड उतारावर सुटलं की पुढे जे असेल ते चिरडत जातं, म्हणून उतरताना दोर मागून धरायचे, पाय रोवून, मुरमावर टाचा घसरत. ज्यांनी पाठीवर 12 किलोची सॅक घेऊन घसाऱ्यावरून उतरून पाहिलंय त्यांना टाचा आठवतील. एक नाला संपला की पुढचा. 7 ते 12 डिसेंबर, दिवसाला सरासरी आठ-नऊ किलोमीटर.

हे ओढणारे कोण होते? स्टीव्हन्सनच्या हाताखाली बहुतेक मद्रासकडच्या पलटणी होत्या. कंपनीच्या फौजेत रस्ते करायला पायोनियर असत, तोफखान्याला लस्कर असत, आणि बाजारबुणग्यांचा मोठा तांडा सोबत असे. म्हणजे तमिळ, तेलुगू, कन्नड, दख्खनी बोलणारी माणसं मेळघाटच्या जंगलात, डिसेंबरच्या थंडीत, एका इंग्रज कंपनीच्या तोफा मराठ्यांच्या किल्ल्याकडे ओढत होती. पगारासाठी. अधिकाऱ्यांची नावं खुणेसकट छापलेली सापडतात. दोराला लागलेल्यांपैकी एकाचंही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही. माझं मत विचाराल तर गाविलगडची सगळ्यात अवघड चढाई हीच होती. भिंतीवरची नव्हे.

12 तारखेला स्टीव्हन्सन लबाड्याला पोचला आणि त्याच रात्री मोर्चे बांधले. वेलस्लीनेही त्याच रात्री दक्षिणेला, डोंगराच्या अंगावर, दक्षिण दरवाजाखाली एक मोर्चा लावायचा प्रयत्न केला. आणि इथे कड्याने आपलं काम चोख केलं. लोखंडी तोफा काही केल्या तिथवर चढल्या नाहीत. हलक्या पितळी तोफा चढल्या, पण त्यांनी भिंतीचं फारसं बिघडलं नाही. दक्षिण बाजू ज्या कारणासाठी उभी होती त्या कारणाला ती जागली. फक्त किल्लेदाराचं लक्ष तिकडे वेधलं गेलं, तेवढा फायदा वेलस्लीला मिळाला.

उत्तरेला मात्र दोन दिवसांत काम झालं. 13 ला तोफा सुरू झाल्या, 14 च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या भिंतींना माणूस शिरेल अशी खिंडारं पडली. आमच्या सिक्युरिटी टीममधले म्हणतात की सिस्टिम तिच्या सगळ्यात सोप्या दारापाशी मोजायची. गाविलगडचं ते दार उत्तरेला होतं, आणि त्याला कुलूप म्हणून 48 किलोमीटरचं जंगल लावलेलं होतं.

15 डिसेंबर, सकाळी दहाच्या सुमारास हल्ला. उत्तरेहून लेफ्टनंट कर्नल केनीच्या हाताखालची तुकडी खिंडाराकडे. दक्षिणेहून त्याच वेळी दोन तुकड्या, एक दक्षिण दरवाजाच्या रोखाने आणि एक वायव्य दरवाजाच्या रोखाने, शिबंदी विभागली जावी म्हणून. केनीसोबत एक 24 वर्षांचा बिनलष्करी माणूसही खिंडारात शिरला. वेलस्लीचा सहायक म्हणून आलेला, हौसेने परवानगी मागून घेतलेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. होय, तोच. पुढे मुंबईचा गव्हर्नर, ज्याच्या नावाचं कॉलेज अजून आहे आणि ज्याच्या आडनावावरून ओळखलं जाणारं लोकल स्टेशन आता प्रभादेवी झालंय.

बाहेरचा किल्ला पडला. आणि मग सगळे आतल्या किल्ल्यासमोर येऊन अडले.

आतल्या भिंतीला खिंडार नव्हतं. इतके दिवस तोफा ओढून आणल्या, त्यांनी बाहेरच्या भिंती पाडल्या, पण आतली भिंत जशीच्या तशी. बाहेरच्या आणि आतल्या किल्ल्याच्या मध्ये खोल घळ आहे. आज चिखलदऱ्याकडून गडावर जाणारेही ढोबळमानाने याच बाजूने येतात, आणि आतल्या दरवाजांकडे जाताना ती घळ लागतेच. दरवाजा बंद, वरून बंदुकांचा मारा, खाली वाट अरुंद. दरवाजावर काही प्रयत्न झाले, ते फसले. केनी जबर जखमी झाला, त्या जखमेतून तो उठला नाही.

आता दोन टनांच्या तोफेचा काही उपयोग नव्हता. आता मामला सिंहगडासारखा झाला. हातपाय, कातळ आणि वरची भिंत.

94 व्या रेजिमेंटच्या, म्हणजे स्कॉच ब्रिगेडच्या, लाइट कंपनीचा कॅप्टन कॅम्पबेल याने भिंतीची एक अशी जागा गाठली जिथे शिडी लावणं शक्य होतं. लाइट कंपनी म्हणजे पलटणीतली चपळ, हलक्या पायाची माणसं. घळीच्या उतारावर शिड्या घेऊन चढणं म्हणजे काय याची कल्पना करा. शिडी दोघा-चौघांनी आडवी धरायची, म्हणजे एकाचा हात मोकळा नाही. घसाऱ्यावर एकाचा पाय गेला की सगळे हलतात. वरून गोळ्या. आणि शिडी टेकवायला खाली सपाट जागा हवी, ती उतारावर असते कुठे? त्यांनी शिड्या लावल्या, भिंत चढले, आत उतरले आणि आतून दरवाजा उघडला. बाहेर अडकलेली तुकडी आत घुसली. थोड्याच वेळात किल्ला गेला.

इंग्रजी पुस्तकांत हा कॅम्पबेल ठळक आहे आणि तो असायलाही हवा. बर्नार्ड कॉर्नवेल या कादंबरीकाराने 'शार्प्स फोर्ट्रेस'मध्ये याच लढाईवर कथा रचली आणि भिंतीवरचा मान आपल्या काल्पनिक नायकाला देऊन टाकला. कादंबरीत चालतं ते.

पुढचं मात्र कादंबरीसारखं नाही. दरवाजा उघडल्यावर आतल्या माणसांना जायला जागा उरली नाही. उत्तरेकडून कॅम्पबेलची माणसं आणि मागून अख्खी तुकडी. दक्षिणेला कडा. वायव्य दरवाजातून पळू पाहणाऱ्यांसमोर खालून चढत आलेली दुसरी तुकडी. ज्या उभेपणाच्या भरवशावर ते गडावर आले होते, त्याच उभेपणाने त्यांची वाट बंद केली. वेलस्लीचाच अहवाल सांगतो की शिबंदीतली माणसं प्रचंड संख्येने मारली गेली, विशेषतः दरवाजांपाशी. राजपूत किल्लेदार बेनीसिंग दरवाजात प्रेतांच्या ढिगात सापडला. तो पळाला नव्हता, शरण गेला नव्हता. गडावर गेलात तर सगळे दिल्ली दरवाजावरचे गंडभेरुंड आणि सिंह यांचे फोटो काढतात, काढावेतच, इमादशाहीचं ते काम देखणं आहे. पण दरवाजाच्या कमानीत उभं राहून एकदा खाली बघावं. जागा किती अरुंद आहे ते कळतं.

दोन दिवसांनी, 17 डिसेंबर 1803 ला, डोंगराखाली देवगावला भोसल्यांनी तह केला. कटक आणि बालासोरचा किनारा कंपनीला दिला. कटक ऑक्टोबरमध्येच कंपनीच्या हातात गेलं होतं, तहाने ते कागदावर आलं. आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडच्या वऱ्हाडावरचा हक्क सोडला, तो निजामाकडे गेला. तोवर या भागात निजाम आणि भोसले अशा दोघांचा दुहेरी अंमल होता, एकाच गावातून दोन सरकारं वसूल घ्यायची. मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद ही सगळी पट्टी त्यात आली. 13 दिवसांनी, 30 डिसेंबरला, शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला तह केला, तेही गाव याच डोंगराच्या पायथ्याच्या पट्ट्यात. पन्नास वर्षांनी, 1853 मध्ये, निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिलं.

आणि गाविलगड? ज्याच्यासाठी एवढं केलं तो किल्ला, नरनाळ्यासकट, त्याच तहात भोसल्यांना परत मिळाला, सोबत आजूबाजूचा चार लाखांचा मुलूख. वेलस्लीला किल्ला ठेवायचा नव्हताच. तो घेता येतो एवढं रघूजींना दाखवायचं होतं. पुढे 1858 मध्ये तात्या टोपे इकडे येऊन ठाण मांडतील या धास्तीने इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी केली. म्हणजे 55 वर्षांनीही त्यांना त्या कड्याची भीती वाटत होती.

जायचं असेल तर चिखलदऱ्याकडून जा. दक्षिणेच्या जुन्या वाटेने चढायचा मोह होईल, पण तो सगळा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतो, वनखात्याची परवानगी नसेल तर तिकडे पाय ठेवू नका. वाघ ट्रेकची ग्रेड विचारत नाही. पाणी भरपूर न्या. गडावर तळी आहेत, मशीद आहे, जुन्या तोफा आहेत, अर्धा दिवस सहज जातो.

आतला किल्ला ओलांडून दक्षिण तटापाशी पोचलात की खाली पूर्णेचं खोरं पसरलेलं दिसतं आणि पायथ्याशी देवगावची बाजू. हवा स्वच्छ असेल तर उजवीकडे, पश्चिमेला, सातपुड्याची रेघ नरनाळ्याकडून आमच्या संग्रामपूरच्या दिशेने जाताना दिसेल. मग मागे वळा आणि उत्तरेकडचं जंगल बघा. स्टीव्हन्सनच्या माणसांनी केलेला रस्ता त्यातच कुठेतरी होता.